नापसंत सावर

फाल्गुन लागला की आमच्या लॉजवर कोणी फिरकत नाही. मुलांच्या परीक्षा, ऑफिसांचा मार्चएंड आणि चटका बसायला लागलेलं ऊन. समुद्र बघायला येणारी मंडळी आता एकदम मे महिन्यात उगवायची. चार खोल्यांच्या चादरी धुऊन, घड्या होऊन कपाटात जातात. पंख्यांची पाती पुसून होतात. मुरुडहून आगरदांड्याकडे जाणारी एसटी दारावरून जाते, थांबलीच तर उतरतं ते आपलंच गावचं माणूस. धंद्याच्या हिशेबाने हे दिवस वाईट, माझ्या हिशेबाने वर्षातले सगळ्यात चांगले. ह्या दिवसांत मी समुद्राकडे पाठ करते.

आमच्या मागे डोंगर आहे हे पाहुण्यांना कधी कळतच नाही. खोलीत शिरले की पहिला प्रश्न, इथून समुद्र दिसतो का? नाही म्हटलं की तोंडं पडतात. मी मागची खिडकी उघडून दाखवते. अरे वा, छान आहे, म्हणतात, आणि मच्छर येतील म्हणून लगेच लावूनही घेतात. त्यांना तरी काय बोलणार. ते येतात तेव्हा डोंगर नुसता तापलेला असतो, गवत जळून काळं झालेलं असतं. तो नटतो फाल्गुनात, आणि तेव्हा बघायला आम्हीच असतो.

आज सकाळी मागचं दार उघडलं तर पायरीवर सावरीचं फूल पडलं होतं. आमच्या परसात सावर नाही, कुठल्या तरी पाखराने आणून टाकलं असणार. माझ्या तळहाताएवढं, जाड पाकळ्यांचं, लालभडक. मी ते आत नेऊन यजमानांच्या पुढ्यात ठेवलं. त्यांनी डाव्या हातात घेऊन उलटंसुलटं केलं, हुंगलं (सावरीला वास म्हणावा असा नसतो, तरी हुंगलं) आणि कोपऱ्यातली काठी उचलली. मी गॅस बंद करून चपला शोधायला लागले.

गाव ह्यांना नाना म्हणतं. सारखं ‘हे’ ‘हे’ लिहीत बसले तर वाचणाऱ्याचा घोटाळा होईल, म्हणून मीही इथे नानाच म्हणते. तोंडावर आजवर म्हटलेलं नाही.

नानांचं बोलणं ही आमच्या लॉजची खरी सोय होती. गिझर आम्ही उशिरा बसवला, टीव्ही खोल्यांत अजून नाही. पण संध्याकाळी नाना ओसरीवर बसले की चारही खोल्यांतले पाहुणे खुर्च्या ओढत येऊन बसायचे. किल्ल्याच्या गोष्टी, वादळाच्या गोष्टी, जाळ्यात सापडलेल्या अजस्र माशांच्या गोष्टी, निम्म्याअधिक मीठमसाला लावलेल्या. मी आत भाकऱ्या थापता थापता ऐकायचे आणि मनात म्हणायचे, मागच्या शनिवारी हा मासा एवढा लांब नव्हता.

आता आमच्या गावच्या होळीचं सांगितलं पाहिजे. आमची होळी सावरीची. होळीच्या दिवशी रानातून एक उंच, सरळ सावर तोडून आणायची, गावाच्या मध्यात उभी करायची, भोवती गवत-लाकूड रचायचं आणि पेटवायची, अशी जुनी चाल. पंचाईत अशी की सावर नेमकी ह्याच दिवसांत फुलते. अंगावर औषधालाही पान नाही आणि फांदीन् फांदी लाल. तोडण्याआधी कोणा जाणत्याने झाड बघून पसंत करायचं असतं. ते वाकडं नको, पोकळ नको, किडलेलं नको, त्याच्यावर घरटं नको, पोळं नको. जाणत्याने ‘चालेल’ म्हटलं की बुंध्याशी नारळ फुटतो, सगळे तोंडावर हात मारून बोंब ठोकतात आणि पहिला घाव पडतो. नको म्हटलं तर त्या झाडाला हात लावायचा नाही. हा बघण्याचा मान नानांकडे त्यांच्या वडिलांकडून आला.

आणि नानांना कधी एकही सावर पसंत पडली नाही.

पन्नास मुली बघून पन्नास ठिकाणी कांदेपोहे खाणारा आणि नाक मुरडून घरी येणारा एखादा नवरामुलगा असतो ना, तसं हे दरवर्षीचं. पोरं कुऱ्हाडी खांद्यावर टाकून ह्यांच्या मागून डोंगर पालथा घालायची. नाना एकेका झाडाभोवती फेरी मारायचे, बोटाच्या पेराने टकटक करायचे, वर बघून डोळे बारीक करायचे. हिला मधेच फाटा फुटलाय. हिच्यावर बुलबुलाने घर केलंय. ही आतून पोकळ लागते. ऊन डोक्यावर आलं, पोरं घामाघूम झाली की म्हणायचे, जाऊ द्या, माझ्या वाडीतली एक म्हातारी पोफळ घेऊन जा. पोफळ वाजतगाजत गावात यायची, लोक तिलाच सावर म्हणायचे, तिलाच हळदीकुंकू लागायचं. शेजारच्या गावाला आमच्या ह्या पोफळीच्या सावरीवरून टिंगल करायला वर्षभराचं निमित्त.

होळीच्या आधी दोन-तीन दिवस नाना एकटेच झाडं हेरायला जात. लग्नाला काही वर्षं झाल्यावर मीही बरोबर जायला लागले. तेव्हापासून फाल्गुनातली ही फेरी माझी झाली. माहेर माझं पालीजवळ, रान मला नवीन नव्हतं. पण आमच्याकडे रानात जायचं ते लाकडाला, नाहीतर करवंदांना. नुसतं बघायला म्हणून कोणी जात असेल हे मला ठाऊक नव्हतं. गावाबाहेरच्या विहिरीच्या मागून वाट चढते. आधी काजूच्या मोहोराचा वास, मग करवंदीच्या जाळ्या, बारीक पांढऱ्या फुलांनी भरलेल्या. काटा लागेल म्हणून हात मागे घ्यावा तर वास पुढे ओढतो. त्याच्या वर कुसर, रानातली जाई म्हणा, झाडांच्या अंगाखांद्यावरून खाली लोंबलेली. आणि एका वळणावर अंजनी. अंजनीच्या काटक्यांना सालीतूनच फुलं फुटतात, निळी-जांभळी, दाट. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं कोणी शाईची दौत सांडली. धायटीचे लाल तुरे उन्हात, पळस त्याहून वर कातळावर. कुठे तरी शेतात पालापाचोळा जाळून भाजणी चाललेली असते, तिचा धूर ह्या सगळ्यात मिसळतो. फाल्गुन म्हटला की माझ्या नाकाला तो धूर आणि कुसर एकदमच आठवतात.

पाणवठ्याशी एक फार मोठी सावर आहे. एकट्या माणसाच्या कवेत जेमतेम मावेल. खाली फुलांचा सडा असतो आणि भेकरं ती खायला येतात, चिखलात त्यांच्या खुरांचे ठसे दिसतात. सावरीचं फूल पडतं ते धपकन आवाज करून, पारिजातकासारखं गुपचूप नाही. त्या पहिल्या वर्षी नानांनी तिला फेरी मारली, टकटक केली, थोडा वेळ विचार केला आणि गंभीर तोंडाने म्हणाले, “कीड आहे.”

मी वाकून बघितलं. भोक नाही, भुसा नाही, काही नाही. विचारलं, कुठे आहे कीड?

“तुला दिसायची नाही. चष्मा कर.”

माझी नजर तेव्हा पहिल्या झटक्यात सुईत दोरा ओवणारी होती. मी त्यांच्याकडे बघितलं, ते पाण्याकडे बघत होते. ह्या विषयावर आमचं आयुष्यात झालेलं बोलणं एवढंच.

खोट काढण्याची त्यांची सवय मला मात्र आधीपासून माहीत होती. मला बघून घरी परतल्यावर म्हणाले होते, मुलगी बरी आहे, पण चालते जरा वाकडी. हे त्यांच्या आत्याने लग्नानंतर हौसेने माझ्या कानावर घातलं. मी सरळ चालते. हा राग मी पुष्कळ वर्षं पुरवून पुरवून वापरला.

मग एका वर्षी गणपती गेले आणि नानांना अर्धांगाचा झटका आला.

जीव वाचला. पाय दिवाळीपर्यंत बऱ्यापैकी चालू झाला, उजवा हात अर्धामुर्धा. वाचा मात्र गेली ती गेलीच. आपण बोललेलं सगळं कळायचं, विनोद केला तर हसायचे, डाळीत मीठ जास्त झालं तर माझ्याकडे बघायचे. पण बोलायला गेले की ओठ हलायचे, मान ताठ व्हायची, गळ्याची शीर फुगायची आणि बाहेर काही यायचं नाही. अलिबागला बोलणं शिकवणाऱ्या एका बाई होत्या, स्वभावाने फार चांगल्या. त्या चित्रांची कार्डं दाखवायच्या. हे काय? स-फ-र-चं-द. हे काय? वि-मा-न. सफरचंदाला नानांनी आयुष्यात कधी किंमत दिली नव्हती आणि विमानात ते बसलेले नाहीत. तरी बिचारे तोंड उघडून झुंजायचे. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, वाचा येईल, पण त्यांनी प्रयत्न करायला हवा. प्रयत्न सोडला तर मग अवघड आहे.

संक्रांतीच्या सुमाराला नानांनी तो सोडला. बाईंनी कार्ड पुढे धरलं, ह्यांनी ते हळूच हातातून घेतलं, टेबलावर पालथं घातलं आणि उठून उभे राहिले. पुन्हा अलिबागला यायला तयार झाले नाहीत. ओसरीवरची खुर्चीही त्यांनी सोडली, मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. भेटायला आलेले लोक मोठ्याने ओरडून बोलायचे, वाचा गेली म्हणजे कानही गेले असं धरून. मला भीती वाटायची ती ह्या पालथ्या पडण्याची. मेलेल्या माणसाची वाट बघून चालत नाही, हे मला माहीत आहे. पण जिवंत माणूस आत कुलूप लावून बसला तर दार किती दिवस ठोठावायचं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

आमच्या शेजारी मेहरुन आपा राहतात. त्यांच्या यजमानांची सगळी उमर कुवेतला गेली, आता दोघं इथेच असतात. आपा रोज दुपारी येऊन बसायच्या. नानांना काही हवं असलं की मीच आधी म्हणायचे, पाणी? पंखा? पेपर? ते मान हलवायचे. एकदा आपांनी मला ओट्याशी धरलं. “भाभी, तू त्यांच्या तोंडातला घास काढतेस. थांब जरा. भूक लागली की मानूस मागतो.” थांबायला मला कधी जमलेलं नाही. लॉज चालवणाऱ्या बाईला पाहुण्याने मागायच्या आत द्यायची सवय असते.

तो फाल्गुन आला तो असा. संध्याकाळी गावात ढोल घुमायला लागले. नाना मागच्या खोलीतून उठून ओसरीवर यायला लागले, आवाज ऐकत बसायचे. दोन-तीन दिवस आधीची आमची फेरी झाली नाही, मी विषय काढला नाही. गावातून झाडाचं विचारायला कोणी आलं नाही. येणार तरी कसं, मुक्या माणसाला काय विचारायचं? मला लोकांचा राग येत नव्हता, पण रडू येत होतं. नाना रस्त्याकडे बघत बसायचे आणि मी त्यांच्याकडे.

होळीच्या दिवशी सकाळी दारात रिक्षा थांबली. जयवंत आमच्या गावचाच, तिशी उलटलेला, आगरदांड्याच्या जेटीपर्यंत रिक्षा मारतो. त्याच्या मागे त्याचे चार दोस्त होते, एकाच्या हातात कुऱ्हाड. जयवंत माझ्याशी बोललाच नाही. चपला काढून सरळ नानांसमोर उभा राहिला.

“नाना, झाड बघाया चला.”

मी मधे पडले. चढ आहे, ऊन आहे, पाय धड नाही. तो म्हणाला, काकी, विचारल्याबिगर झाड तोडायचं कसं, रीत हाय. मी आणखी काही बोलणार तर मागे काठीचा आवाज झाला. नाना टोपी घालून उभे होते.

आपाही निघाल्या. रमजान चालू होता, त्यांना रोजा. एवढ्या उन्हात पाण्याचा थेंब नाही आणि डोंगर चढणार म्हणतात, मी नको नको म्हटलं तर म्हणाल्या, डोंगर का माझं पानी पितोय? वाटेत मी बाटली पदराआड धरून पाणी प्यायले, तर फटकारलं मला. रोजा मला हाय, तुला न्हाय, सरळ पी गो.

विहिरीपर्यंत रिक्षा, पुढे पायवाट. जयवंतने एक खांदा दिला, दुसऱ्या हातात काठी. एरवी नाना पुढे आणि मी धापा टाकत मागे, त्यामुळे मला दिसायच्या त्या त्यांच्या टाचा. त्या दिवशी आम्ही इतके हळू चढलो की वाटेतलं झुडूपन् झुडूप आपणहून भेटायला थांबल्यासारखं झालं. करवंदीच्या फुलात आत गुलाबी छटा असते, हे मी त्या दिवशी बघितलं. अंजनीच्या वळणावर नाना थांबले, जयवंतच्या खांद्यावरचा हात काढला आणि निळ्या काटकीवरून दोन बोटं फिरवली, पाहुणा गेल्यावर खोलीतल्या खिडकीची धूळ बघावी तशी. माझ्या तोंडावर ‘अंजनी’ आलं होतं. आपांनी माझा दंड असा दाबला की वळ उठला. मी गिळलं. नाना पुढे चालायला लागले.

पोरांनी झाड आधीच ठरवून ठेवलं होतं. पाणवठ्याची सावर. पोळं नव्हतं, घरटं नव्हतं, सरळसोट, वरपर्यंत लाल. खाली सडा पडलेला, पाखरांचा कलकलाट. मी खालपासून वरपर्यंत बघितलं, तिच्यात कोणाही शहाण्या माणसाला काढता येईल अशी एक खोट नव्हती. जयवंत म्हणाला, “नाना, बघा. चालल?”

नाना फेरी मारायला निघाले. काठी टेकत, पाय ओढत. डाव्या हाताच्या पेराने टकटक केली. वर बघितलं, ऊन डोळ्यांत गेलं. मग आमच्याकडे वळले आणि त्यांचे ओठ हलायला लागले. मान ताठ झाली. ती शीर फुगली. संक्रांतीनंतर पहिल्यांदा त्यांनी झुंज घेतली होती. पाखरंसुद्धा गप्प झाली असं मला वाटलं, खरं म्हणजे मलाच काही ऐकू येत नसणार. एक फूल धपकन पडलं. आणि नानांच्या तोंडातून मोठा, भसाडा, गळा फाटल्यासारखा आवाज आला. शब्द नव्हता. बोंब होती. आयुष्यभर ह्या दिवशी ठोकलेली बोंब वाट मोकळी दिसली म्हणून आधी बाहेर पडली.

पोरांना तेवढंच हवं होतं. नानांचा आवाज आला ह्या आनंदात त्यांनी तोंडावर हात मारून अशी बोंब ठोकली की सगळं रान दणाणलं. आणि मग माझ्या ध्यानात आलं. बोंब झाली म्हणजे झाड पसंत झालं. नारळ पिशवीतून बाहेर आला होता. कुऱ्हाडवाल्याने पाय रोवले होते. नानांचा चेहरा मी बघितला. तो चेहरा मला अजून स्वप्नात येतो. जे वाचवायला ते डोंगर चढून आले होते, त्यावरच त्यांच्या आवाजाने घाव घातला होता.

‘कीड आहे’ माझ्या जिभेवर आलं. मी बोलले असते, तर झाड वाचलं असतं. पण आपांची बोटं अजून माझ्या दंडावर होती, आणि त्यांनी हलक्या आवाजात, फक्त मला ऐकू जाईल असं म्हटलं, “थांब.”

नानांनी काठी टाकली. दोन पावलं पुढे गेले, सावरीच्या काटेरी बुंध्यावर डावा तळवा ठेवला, अगदी काट्यांवरच, आणि आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. मागून मला त्यांचे खांदे दिसत होते. ते वर गेले, खाली आले, पुन्हा वर गेले.

“की,” म्हणाले. मग पुष्कळ वेळाने, “कीड.”

जयवंतने कुऱ्हाडवाल्याच्या मनगटावर हात ठेवला. मग तो झाडाजवळ गेला, गुडघ्यावर बसून बुंधा नीट न्याहाळला, त्या स्वच्छ, एक भोक नसलेल्या बुंध्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाला, “व्हय. कीड हाय.”

दुसरा पुढे आला, वाकला. “हाय बाबा, कीड हाय.” मग तिसरा. मग कुऱ्हाडवाला, तो तर म्हणाला की झाड आतून पार गेलेलं हाय. आपांनीही पदर सावरून बघितलं आणि रोज्याच्या तोंडाने म्हणाल्या, अल्ला माफ करो, केवढी ही कीड. शेवटी मी गेले. मला काही दिसत नव्हतं, डोळे भरून आले होते. मी म्हटलं, मला दिसत नाही बाई, चष्मा करायला हवा. तेव्हा नाना हसायला लागले आणि हसता हसता खाली बसले, फुलांच्या सड्यावर.

वाडीतली पोफळ गेली त्या वर्षीही. परत येताना मी रिक्षात जयवंतला विचारलं, तुला कळलं होतं ना? तो आरशातून माझ्याकडे बघत म्हणाला, “काकी, आमाला काय ठावं न्हाय व्हय? माजा बापूस म्हनायचा, झाड वाचवायचं तर नानाला इचारा.” म्हणजे इतकी वर्षं नाना गावाला फसवत होते असं मी समजत होते, आणि गाव त्यांना फसू देत होतं. घामाघूम होऊन डोंगर पालथा घालायची ती पोरंसुद्धा. रूढी मोडायची नाही, झाडही मोडायचं नाही, आणि ह्या दोहोंमध्ये उभं राहायला एक खोट काढणारा माणूस हवा, म्हणून त्यांनी माझ्या नवऱ्याला तिथे उभं केलं होतं. ज्या गावात मी नांदले त्या गावाचे आभार मानायचं मला तोवर सुचलं नव्हतं. त्या दिवशी पोळ्या लाटताना सुचलं, आणि त्या भरात मी पुरण इतकं केलं की सगळ्या आळीला पुरलं.

संध्याकाळी आपांनी रोजा आमच्या ओसरीवर सोडला. खजुराची बशी नानांपुढे केली. नानांनी एक खजूर उचलला, बघितला, मान ताठ केली. “कीड,” नाना म्हणाले. आपांनी दचकून तो खजूर फोडून बघितला, आत काही नव्हतं. म्हणाल्या, रोजा सोडताना असं बोलू नये भाऊ, आणि हसून हसून त्यांना ठसका लागला. पुढे कित्येक दिवस सगळ्यालाच कीड होती. चहाला, पेपरला, जावयाला. पण माणूस भिंतीकडे तोंड करून पडलेला नव्हता, खुर्ची ओढून ओसरीवर बसला होता आणि जगात काय काय बिघडलंय ते शोधत होता.

अलिबागच्या बाईंना मी सगळं सांगितलं. म्हटलं, हे काय आहे असं विचारू नका, ह्यात खोट काय आहे असं विचारा. बाई हुशार. त्यांनी सफरचंदाचं कार्ड पुढे धरलं. नाना बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, “पिठूळ.” ‘सफरचंद’ आजतागायत आलेलं नाही. पण खारट आलं, करपलं आलं, ढिलं आलं, उशीर आलं. ज्या शब्दांनी इतर लोक भांडतात त्या शब्दांनी माझा नवरा परत आला. ओसरीवर पाहुणे अजून जमतात. किल्ल्याच्या गोष्टी आता तेवढ्या लांब होत नाहीत, आणि मासे बरेचसे खऱ्या मापाचे झाले आहेत. एका पुण्याच्या पाहुण्यांनी मला विचारलं, काका नेहमी नाराज असतात का? मी म्हटलं, तुमच्या गाडीला त्यांनी नावं ठेवली ना, मग तुम्ही त्यांना आवडलात.

आज आम्ही दोघंच गेलो. आपा मुलाकडे मुंबईला आहेत, रोज सकाळी फोन करून फुलं आली का विचारतात. रिक्षा विहिरीपर्यंत, पुढे पायवाट. ह्या खेपेला पुन्हा मागे मी होते, आणि हळूही मीच. गेल्या पावसाळ्यात माझ्या गुडघ्याने मान टाकली. मुलगी पनवेलहून रोज फोन करते, आई, आता बस झालं, लॉज बंद करा, दोघं इकडे या. तिचं चुकत नाही. गुडघ्याचा फोटो बघून डॉक्टरही तेच म्हणाले, जिने नको, चढ नको. मी अजून कोणाला हो म्हटलेलं नाही, नाहीही म्हटलेलं नाही. अंजनीच्या वळणावर मी काटक्या धरून उभी राहिले आणि मनात म्हटलं, नीट बघून घे, कदाचित हे शेवटचं. असं म्हटल्यावर निळा रंग जास्त निळा दिसतो, हे खरं आहे, पण तसा बघायला मला आवडलं नाही.

सावर उभी आहे. तशीच लाल, तसाच सडा. नानांनी फेरी मारली, टकटक केली, वर बघितलं. ह्या वर्षी सकाळपासून मनाशी तयारी चालली असावी, कारण शब्द लवकर आला. “फाटा,” म्हणाले. फाटा नाही. मी दगडावर बसून गुडघा चोळत होते, हो म्हटलं, मोठा फाटा आहे.

मग ते माझ्याकडे वळले. काठी टेकत माझ्याभोवती एक फेरी मारली, पूर्ण, सावकाश. मला आधी कळेना काय चाललंय. पुढे येऊन उभे राहिले, डोळे बारीक केले, डोक्यापासून पायापर्यंत मला न्याहाळलं आणि वाकून माझ्या खांद्यावर बोटाच्या पेराने टकटक केली.

“वाकडी,” नाना म्हणाले.

एक फूल धपकन माझ्या शेजारी पडलं. मी पदराने तोंड पुसलं आणि उठले. चला, ह्या वर्षी तरी मला इथून कोणी नेत नाही.